थिनरमध्ये भिजवून कोळशाची राख जात नाही

‘दगडी कोळसा रात्रभर थिनरमध्ये बुडवा. राख निघून जाते, वजन भरतं म्हणजे उष्णता वाढते, साधा कोळसाही कोकिंग (तापवल्यावर चिकटून कोक बनणारा) होतो. कोणत्याही कोळशाला चालतं.’ हा मेसेज फिरत फिरत आमच्या भावाच्या वीटभट्टीपर्यंत पोचला आणि त्याने थिनरचे डबे आणूनही ठेवले. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी राखेचं. कोळसा जळल्यावर जी राख उरते ती त्यात मिसळलेल्या चिकणमाती, क्वार्ट्झ, पायराइट अशा खनिजांची. यातलं काहीही थिनर, टोल्युइन किंवा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही. विरघळला तर जळणारा भाग विरघळतो. हिशोब मांडा: 100 किलो कोळशात 35 किलो राख आहे आणि सॉल्व्हंटने, म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवाने, 10 किलो जळणारा भाग ओढून नेला. उरलेल्या 90 किलोत राख तेवढीच, 35 किलो. म्हणजे 35 टक्क्यांची जवळपास 39 टक्के झाली! थिनर काळपट झालं की लोक ‘घाण निघाली’ म्हणून खूश होतात. ती घाण नाही, कोळशाची धूळ आणि विरघळलेलं जळण आहे. साधं थिनर तर 10 किलोही काढू शकत नाही.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की विरघळलेला भाग गाळून सॉल्व्हंट उडवला, तर हाती जवळजवळ बिनराखेचा कोळसा येतो. जपानमध्ये ‘हायपरकोल’ असाच काढला, पण सुमारे 360 अंशांवर, दाबाखाली. पिंपात ते होणार नाही.

‘कोणताही कोळसा’ हेही खोटं. मासाशी इइनो आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये ‘फ्युएल’ या नियतकालिकात दाखवलं, की कार्बन डायसल्फाइड आणि एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन) हे दोन सॉल्व्हंट समप्रमाणात घेतले तर काही बिट्युमिनस (मध्यम प्रतीच्या) कोळशांचा निम्म्याहून जास्त सेंद्रिय भाग खोलीच्या तापमानालाच विरघळतो. तिथे रेणू बऱ्याच अंशी कमकुवत बंधांनी धरलेले असतात, ते सुटतात. अँथ्रासाइटचे, म्हणजे सर्वात कठीण कोळशाचे, थर इतके घट्ट की सॉल्व्हंट आत शिरतच नाही. लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, पायरिडीन या सॉल्व्हंटमध्ये चांगला फुगतो, पण विरघळतो थोडाच.

वजन वाढतं ते आत अडकलेल्या सॉल्व्हंटमुळे. एनएमपी 202 अंशांना उकळतं. 100 अंशांच्या ओव्हनमध्ये सहज निघत नाही, निर्वातात वाळवावं लागतं. प्रयोगशाळेत अर्क (विरघळून निघालेला भाग) आणि चोथा (न विरघळलेला भाग) मिळून मूळ कोळशाच्या 100 टक्क्यांच्या वर गेले की पहिला संशय हाच.

कोकिंगचं तर उलटंच. कोळसा तापवल्यावर चिकटतो तो बऱ्याच अंशी या विरघळणाऱ्या भागामुळे. पायरिडीनने तो काढला की चोथ्याची चिकटण्याची क्षमताच जाते.

आणि भट्टीत थिनर? त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. कोळसा टाकणारा माणूस तिथेच वाकलेला असतो. कोणी आधीच भिजवला असेल, तर आगीपासून दूर, उघड्यावर पातळ पसरून ठेवा. वास पूर्ण जाईपर्यंत भट्टीजवळ नेऊ नका. उरलेलं थिनर गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका.