नागाशिनोच्या तीन रांगा: एका आक्षेपाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, त्यामुळे उत्तरही जरा सविस्तर देतो. विषय जपानमधली १५७५ ची नागाशिनोची लढाई: एका बाजूला सरदार ओदा नोबुनागा आणि त्याचा मित्र तोकुगावा इएयासू, दुसऱ्या बाजूला ताकेदा घराण्याचा प्रमुख कात्सुयोरी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘ओदा नोबुनागाने तीन हजार बंदूकधारी तीन रांगांत उभे केले, आळीपाळीने फैरी झाडल्या आणि ताकेदांचं घोडदळ तिथेच संपवलं. घराणंही त्याच दिवशी बुडालं. मग त्याचं श्रेय का नाकारता, आणि कुंपणावर घोडे घालणाऱ्या मूर्ख कात्सुयोरीची वकिली कशाला?’

आधी रांगा. ओता ग्यूइची हा नोबुनागाच्या पदरचा माणूस. त्याने लिहिलेल्या चरित्रात बंदुका आहेत, लाकडी कुंपण आहे, पण आळीपाळीच्या तीन रांगा नाहीत. त्या आल्या काही दशकांनंतर, ओझे होआनच्या पुस्तकात, आणि तिखटमीठ लावण्यात हा गृहस्थ वाकबगार होता. मेइजी काळात (१८६८–१९१२) जपानी लष्कराच्या युद्धइतिहासाने तेच उचललं. आकड्यावरून मात्र मी भांडणार नाही. ग्यूइचीच्या चरित्राच्या एका हस्तलिखित प्रतीत ‘हजार’च्या शेजारी ‘तीन’ बारीक अक्षरात घातलेलं दिसतं, दुसरीत सरळ तीन हजार आहे. पण तोड्याची बंदूक ठासायला प्रत्येकाला कमीजास्त वेळ लागतो. ओढ्याकाठी लांबवर पसरलेल्या आघाडीवर एका इशाऱ्यात रांगा फिरवून दाखवा म्हणावं!

आणि लढाई चालली सूर्योदयापासून दुपारी दोनच्या सुमारापर्यंत. फैरींनी सगळं कापून काढलं असतं, तर इतका वेळ लागला नसता.

बंदुकांनी माणसं मेली नाहीत, असं मी म्हणतच नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: कात्सुयोरी पुढे आलाच का? जून १५७५ मध्ये त्याने सुमारे १५,००० फौजेनिशी नागाशिनो किल्ल्याला वेढा घातला होता. आत इएयासूच्या बाजूच्या ओकुदाइरा सादामासाची जेमतेम ५०० ची शिबंदी. नोबुनागा आणि तोकुगावा इएयासू कुमक घेऊन आले, पण नोबुनागाने जवळच्या शितारागाहाराच्या खोलगट जमिनीत फौज अशी दडवली की ती थोडकी वाटावी. कात्सुयोरी फसला. आदल्या दिवशीचं त्याचं पत्र उपलब्ध आहे; शत्रूला काही सुचेनासं झालंय, असा त्याचा सूर. त्याच रात्री इएयासूचा सरदार साकाई तादात्सुगू सुमारे ४,००० माणसं आणि ५०० बंदुका घेऊन दक्षिणेकडच्या डोंगरांतून वळसा घालून निघाला. सकाळी त्याने वेढ्यासाठी ताकेदांनी तोबिगासुयामा डोंगरावर बसवलेली ठाणी मारली, वेढा उठला आणि ताकेदांच्या पिछाडीला शत्रू आला. माझ्या मते निकाल इथे लागला. समोर कुंपण, मागे साकाई, आणि तिप्पट नसली तरी दुपटीहून मोठी फौज. नोबुनागाचं श्रेय मी कमी करत नाही. ते बंदुकांच्या रांगांवरून काढून या सापळ्याला देतो, इतकंच.

कात्सुयोरीची चूक होतीच, पण तो मूर्ख नव्हता. बापाला, शिंगेनला, न जमलेला ताकातेंजिन किल्ला त्याने १५७४ मध्ये घेतला होता. माघारीत बाबा नोबुहारूसारखा जुना सरदार त्याला वाट करून देताना पडला. अशा माणसासाठी कोणी उगाच मरत नाही.

राहिलं घराणं बुडाल्याचं. ताकेदा त्यानंतर सात वर्षं टिकले. १५८२ मध्ये ते गेले तेव्हा किसो योशिमासा आणि आनायामा बाइसेत्सू हे त्यांचेच दोन सरदार शत्रूला मिळाले होते. दोघेही शिंगेनचे जावई.