सेव्हिलचं कारिदाद रुग्णालय आणि ‘खऱ्या डॉन जुआन’ची गोष्ट

पाच-सहा ओळींची एक पोस्ट सध्या सारखी फिरतेय. स्पेनला जाऊन आलेली मंडळी तर ती हमखास पाठवतात. मजकूर असा: सेव्हिलच्या मिगेल मान्यारा नावाच्या उमरावाने शेकडो बायकांना नादी लावलं. बायकांना फसवणाऱ्या डॉन जुआनचं प्रसिद्ध नाटक त्याच्यावरूनच लिहिलं गेलं. एका रात्री त्याला स्वतःचीच प्रेतयात्रा दिसली, तो हादरला आणि प्रायश्चित्त म्हणून त्याने कारिदाद रुग्णालय आणि तिथलं चर्च बांधलं. पुरावा काय, तर त्याच्या थडग्यावरचा लेख आणि चर्चमधलं सडक्या प्रेताचं चित्र. वर मथळा: ‘स्पेनचा वाल्या कोळी’.

गोष्ट झकास आहे. तिच्यापायी एका अप्रतिम बरोक (म्हणजे सतराव्या शतकातल्या भपकेदार शैलीतल्या) वास्तूकडे मात्र लोक भलत्याच नजरेने बघतात, म्हणून हा खटाटोप.

आधी नाटक. डॉन जुआनला रंगभूमीवर आणणारं मूळ नाटक तिर्सो दे मोलिना या स्पॅनिश नाटककाराच्या नावावर आहे आणि ते १६३० च्या सुमारास छापलं गेलं. मान्याराचा जन्म १६२७ चा. तीन वर्षांच्या पोरावरून कुणी ते पात्र बेतलं असेल, तर त्याला नाटककार नव्हे, ज्योतिषी म्हणायला हवं. दोघांची गाठ घालून दिली ती एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच लेखकांनी. प्रॉस्पर मेरिमेने १८३४ मध्ये एक कथा लिहिली. तिचा नायक डॉन जुआन दे मारान्या. आडनावातली अक्षरं इकडची तिकडे केली की झालं काम! प्रेतयात्रेचा प्रसंगही त्याच कथेत आहे, पण तो मेरिमेच्याही डोक्यातला नाही. स्वतःचाच अंत्यविधी बघणाऱ्या माणसाची गोष्ट स्पेनमध्ये १५७० सालीच छापून आली होती, मान्याराच्या जन्माआधी अर्धं शतक.

खरा मान्यारा मूळच्या कॉर्सिकन, गडगंज व्यापारी घराण्यातला. १६४८ मध्ये त्याचं हेरोनिमा कारियो दे मेंदोसाशी लग्न झालं. १६६१ मध्ये ती वारली आणि तो पार कोलमडला. पुढच्याच वर्षी तो सांता कारिदाद या बंधुसंघात, म्हणजे धर्मकार्य करणाऱ्या मंडळात, दाखल झाला आणि १६६३ च्या अखेरीस त्याचा प्रमुख झाला. रस्त्यातली भुतं वगैरे काही नाही, बायको गेलेला चौतिशीतला माणूस.

आता ‘त्याने बांधलं’ हे. बंधुसंघ त्याच्या कितीतरी आधीचा. ग्वादालकिव्हिर नदीत बुडालेले, फाशी गेलेले, ज्यांना पुरायला कुणी नाही असे, यांची प्रेतं उचलून मूठमाती देणं हे त्यांचं काम. त्यांचं सान होर्हेचं, म्हणजे संत जॉर्जचं, प्रार्थनागृह नदीकाठच्या शाही जहाजगोदीत होतं. ही गोदी दहाव्या अल्फोन्सो राजाने १२५२ मध्ये उभारलेली. जुन्या प्रार्थनागृहाच्या जागी नवं चर्च बांधायला १६४० च्या दशकात सुरुवात झाली, वास्तुकार पेद्रो सांचेस फाल्कोनेते. तेव्हा मान्यारा कोवळा पोरगा होता. त्याने केलं ते असं की रखडलेलं काम तडीस नेलं, चर्च सजवून घेतलं आणि मुख्य म्हणजे मेलेल्यांची सोय बघणाऱ्या संघाला जिवंत माणसांकडे वळवलं. १६६४ मध्ये बेघरांसाठी निवारा निघाला, मागोमाग गोदीच्या विटांच्या उंच कमानींखाली रुग्णांची लांबलचक दालनं झाली. आणि गरज कशाची होती? १६४९ च्या प्लेगात सेव्हिलची जवळजवळ निम्मी माणसं मेली होती, १६५२ मध्ये पावासाठी दंगल झाली होती. त्या शहराला रुग्णालय हवं होतं, मग कुणाची लफडी असोत वा नसोत.

सगळ्यात मोठा घोटाळा चित्रांचा. चर्च एकाच लांब दालनाचं, पुढे वेदीकडे घुमट. दारातून आत शिरलात की गायनकक्षाच्या खाली, समोरासमोर, चित्रकार हुआन दे वाल्देस लेआलची दोन चित्रं. एकात सांगाडा काखेत शवपेटी मारून आलाय, एक पाय पृथ्वीच्या गोलावर, आणि हाताने मेणबत्ती विझवतोय. खाली मुकुट, चिलखत, जाडजूड ग्रंथ यांचा ढीग. त्यातला एक उघडा आहे आणि त्याच्या पानावर अँटवर्पमधली, चित्रकार रुबेन्सने रचलेली विजयकमान ओळखू येते. दुसऱ्या चित्रात तळघरातल्या पेटीत बिशपचं प्रेत, त्यावर किडे फिरताहेत, शेजारी कालात्रावा या धर्मयोद्ध्यांच्या पंथाचा झगा पांघरलेला सरदार. पोस्ट म्हणते, हा सरदार म्हणजे मान्याराचं प्रेत. चित्र १६७२ च्या आसपासचं, मान्यारा वारला १६७९ मध्ये. तो त्या पंथाचा सरदार होता हे खरं, तेव्हा इशारा त्याच्याकडे असेलही. पण वर बघा: खिळ्याची खूण असलेला हात तराजू धरून आहे. एका पारड्यात पापांची प्रतीकं, दुसऱ्यात जपमाळ, प्रार्थनेची पुस्तकं. एकावर ‘जास्त नको’, दुसऱ्यावर ‘कमी नको’. काटा सरळ आहे. तो कुठे झुकवायचा ते बघणाऱ्याने ठरवायचं, आणि कसा झुकवायचा ते पुढच्या भिंती सांगतात.

कारण चित्रकार मुरिल्योची तिथली सहा चित्रं म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या दयेच्या सात कृत्यांपैकी सहा, बायबलच्या प्रसंगांतून दाखवलेली. मोझेस खडकातून पाणी काढतो: तहानलेल्याला पाणी. भाकरी-माशांचा चमत्कार: भुकेल्याला अन्न. अब्राहमच्या दारातले तीन देवदूत: परक्याला आसरा. पाण्याच्या कुंडापाशी बरा होणारा पांगळा: आजाऱ्याची विचारपूस. तुरुंगातून सुटणारा संत पीटर: बंदिवानाची मुक्ती. आणि बापाचा पैसा उडवून पस्तावून परत आलेला उधळ्या मुलगा. पोस्टवाल्यांना वाटेल, सापडला पश्चात्ताप! पण चित्राच्या उजव्या बाजूला बघा. नोकर तबकात नवे कपडे घेऊन उभा आहे. या रांगेत त्या चित्राचं काम आहे उघड्याला वस्त्र. सातवं कृत्य, मृताला मूठमाती, रंगवलेलं नाही, कोरलेलं आहे: मुख्य वेदीवर पेद्रो रोल्दानचं ख्रिस्ताच्या दफनाचं शिल्प, भोवतीची मखर बेर्नार्दो सिमोन दे पिनेदाची, रंगकाम पुन्हा वाल्देस लेआलचं. बंधुसंघाचं मूळ काम नेमकं वेदीवर. रडत बसू नका, कामाला लागा, असं ही सगळी मांडणी सांगते. बाजूच्या वेदीवर हंगेरीची राजकन्या संत एलिझाबेथ डोक्याला गजकर्ण झालेल्या पोराचं डोकं धुते, तिथे राजकन्येचे हात आणि पोराच्या टाळूवरचे चट्टे मुरिल्योने सारख्याच मन लावून रंगवलेत.

राहिला थडग्यावरचा लेख. ‘जगातल्या सर्वांत वाईट माणसाची हाडं आणि राख इथे आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करा,’ असा तो आहे, आणि खुद्द मान्याराचाच. येणाराजाणारा तुडवून जाईल अशा दारातल्या जागी पुरा, अशी त्याची इच्छा. मृत्युपत्रात तर त्याने गर्व, व्यभिचार, चोऱ्या, सगळं स्वतःच्या माथी घेतलंय. म्हणजे तरुणपणी तो अगदी सोवळा होता असं मीही म्हणणार नाही. पण त्यात ना कुणा बाईचं नाव, ना कसला प्रसंग. आपल्या संतांनी अभंगांतून स्वतःला पतित, पापी म्हटलं म्हणून आपण त्यांच्यावर गुन्ह्यांची यादी लावतो का? त्या काळच्या स्पेनमध्येही धार्मिक माणूस मरताना असंच बोलायचा. चर्चने तर १९८५ मध्ये त्याला ‘पूजनीय’, म्हणजे संतपदाच्या वाटेवरचा, जाहीर केलं.

पोस्टसोबतच्या फोटोंबद्दल शेवटचं. ‘मुरिल्योची मूळ चित्रं’ म्हणून त्यात जी दाखवतात, त्यातली चार नकला आहेत. १८१० मध्ये नेपोलियनच्या मार्शल सूल्तने मूळ चित्रं उचलून नेली. अब्राहम आता ओटावात आहे, उधळ्या मुलगा वॉशिंग्टनला, पांगळा लंडनला आणि पीटर सेंट पीटर्सबर्गला. जागेवर उरलेल्या दोन अस्सल चित्रांत एक पाण्याचं आहे, एक भाकरीचं. आणि रुग्णालय बंद पडलेलं नाही: निराधार वृद्ध आजही तिथे राहतात, त्यामुळे सगळी दालनं पर्यटकांना खुली नसतात.