जवान ‘बसून’ असतात, म्हणूनच गाडी वेळेत निघते

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अग्निशमन दलाचे जवान आणि रुग्णवाहिकेवरची माणसं बहुतेक वेळ बसून पगार घेतात. मनुष्यबळ कमी करा आणि सेवा खासगी कंत्राटदाराला द्या. स्पर्धेमुळे दर उतरतील, कंत्राटदार चुकला तर दंड लावता येईल आणि नाहीच जमलं तर सेवा परत घेता येईल. वाचताना पटतं, म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

‘बसून पगार घेतात.’ पाळी सुरू होताना केंद्रात जाऊन बघा. जवान श्वसनसंचाचा, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर न्यायच्या संचाचा, सिलिंडर उघडतो, दाब बघतो, मुखवटा चेहऱ्यावर चेपून हवा गळते का ते तपासतो. मग सिलिंडर बंद करून आतला दाब हळूहळू उतरवतो आणि काट्यावर नजर ठेवून शिट्टीची वाट पाहतो. हवा संपत आल्याचा इशारा देणारी ही शिट्टी दाब साधारण ५५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास आला की वाजायला हवी. नाही वाजली, तर तो संच बाजूला जातो. धुरात शिरल्यावर हे तपासायला सवड नसते. रुग्णवाहिकेचंही तसंच. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब किंवा विजेचा झटका मिळाला नाही, तर त्याची जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्या घडीला एक पथक मोकळं असावं यासाठीच तर आपण पैसे देतो. सगळी पथकं सतत धावपळीत असतील, तर पुढच्या कॉलला जाणार कोण?

‘चौघांचं काम तिघांत भागेल.’ नाही भागत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१० साली घराच्या आगीवर प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या. ठरलेली कामं चौघांच्या पथकाने तिघांपेक्षा सुमारे २५ टक्के आणि दोघांपेक्षा सुमारे ३० टक्के लवकर उरकली. शिवाय दोघं आत शिरले तर त्यांना बाहेर काढायला दोघं बाहेर तयार लागतात. कपात नेमकी इथेच लपते. गाडीवरची एक जागा वर्षभर चोवीस तास भरलेली ठेवायची म्हणजे ८,७६० तास. आठवड्याला ४० तास काम, त्यात रजा आणि प्रशिक्षण धरलं, तर त्या एका जागेसाठी जवळपास पाच माणसं लागतात. कागदावर ‘रिक्त पदं भरली नाहीत’ एवढंच दिसतं. प्रत्यक्षात गाडी तीच निघते, पण त्यात एक माणूस कमी असतो.

‘स्पर्धेने दर उतरतील.’ डेन्मार्कचा अनुभव बघा. तिथे फाल्क ही खासगी कंपनी १९०६ पासून बचावकार्यात आहे आणि तिने अनेक दशकं चांगलं काम केलं, हे मान्यच करायला हवं. पण दक्षिण डेन्मार्कमध्ये बायोस या कंपनीने फाल्ककडून रुग्णवाहिकांचं कंत्राट जिंकलं, २०१५ मध्ये काम सुरू केलं आणि २०१६ मध्ये तिचं दिवाळं निघालं. सेवा प्रादेशिक प्रशासनाला हाती घ्यावी लागली. बायोसला बाजारातून घालवण्यासाठी फाल्कने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, असा निर्णय बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या स्पर्धा परिषदेने २०१९ साली दिला. एवढी माणसं, वाहनं आणि तळ उभे करू शकणाऱ्या कंपन्या मुळात मोजक्याच असतात. अशा बाजारात स्पर्धा निविदेच्या दिवसापुरती उरते.

खासगी दलं ही काही नवी कल्पनाही नाही. लंडनमध्ये विमा कंपन्यांचीच दलं होती, १८३३ मध्ये ती एकत्र आली. १८६१ च्या टूली स्ट्रीटच्या भीषण आगीनंतर हा खर्च आपल्याला पेलणार नाही, असं विमा कंपन्यांनीच सरकारला कळवलं. १८६६ पासून ते काम सार्वजनिक दलाकडे आलं.

‘चुकला तर दंड लावू.’ दंड भरायला कंपनी जागेवर हवी ना! लंडनच्या बंबांची मालकी आणि देखभाल दीर्घ कंत्राटाने खासगी हाती होती. ते काम बघणारी असेटको या खासगी कंपनीची उपकंपनी २०१२ मध्ये २ पौंडांना विकली गेली. शहराचे बंब ज्या कंपनीच्या नावावर, तिची ही किंमत!

राहिला ‘परत घेऊ’ हा मुद्दा. खासगी अग्निशमनाचं आदर्श उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या स्कॉट्सडेलचं नाव हमखास घेतलं जातं. रूरल मेट्रो कंपनी तिथे १९४८ पासून होती. २००३ मध्ये मतदारांनी शहराचं स्वतःचं दल उभारायचा प्रस्ताव नाकारला आणि त्याच वर्षी कंपनीनेच आपण बाहेर पडत असल्याचं कळवलं. १ जुलै २००५ पासून शहराचं दल सुरू झालं. २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. स्कॉट्सडेलच्या हाती तयारीला दीड वर्ष तरी होतं. न्यूयॉर्कला तेवढी सवड मिळाली नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रान्सकेअर ही रुग्णवाहिका कंपनी एकाएकी बंद पडली आणि आपत्कालीन सेवेतल्या तिच्या पाळ्या शहराच्या अग्निशमन विभागाला लगोलग भराव्या लागल्या. ते जमलं, कारण त्या विभागाकडे स्वतःच्या रुग्णवाहिका आणि स्वतःची माणसं अजून शिल्लक होती.