गाडी उभी होती

गाडी उभी होती. हे वाक्य गेल्या तीन आठवड्यांत मी इतक्यांदा म्हटलंय, की बायको म्हणते झोपेतही बडबडतो. रत्नागिरीत, आमच्याच अंगणात, माडाखाली उभी होती. माडाखाली का लावली म्हणून विचारू नका. आमच्याकडे माड चुकवून गाडी लावायची तर समुद्रातच लावावी लागेल. नारळ पडला, बाइकच्या टाकीला खड्डा, हेडलाइटचा चुरा. मग विमा कंपनीचा सर्व्हेयर आला.

"ड्रायव्हर कोण होता?"

"कोणी नाही. उभी होती."

"वेग?"

"गाडीचा शून्य. नारळाचा मोजला नाही."

हसला नाही. ड्रायव्हरचा रकाना रिकामा चालत नाही म्हणून माझ्याच लायसन्सची झेरॉक्स घेतली. म्हणजे कागदोपत्री आता मी गाडीवर बसून नारळाची वाट बघत होतो.

"नारळ दाखवा."

"आईने त्याची सोलकढी केली."

"साहेब, पुरावा ठेवायचा असतो."

"करवंटी आहे."

ती आणली. त्याने तिचे तीन बाजूंनी फोटो काढले, मग टाकीच्या खड्ड्यात बसवून पाहिली. "खड्डा मोठा आहे."

"वर सोडण होतं ना!"

"मग सोडण आणा."

"बंबात गेलं." त्याच पाण्याने मी आंघोळ केली होती, हे सांगितलं नाही. तेही लिहून घेतलं असतं.

काल पैसे जमा झाले. बिल ८,२०० रुपये, हातात ४,७५०. प्लास्टिकला ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, मग गाडी काल शोरूममधून आणलेली का असेना. माझी साडेचार वर्षांची, म्हणून टाकीच्या पत्र्याला ३५ टक्के. वर प्रत्येक क्लेमला आपणच सोसायचे सक्तीचे १०० रुपये कापले. काचेला म्हणे घसारा नसतो. आरसे दोन्ही शाबूत आहेत, अर्थात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घ्यायचं होतंस, असं आता जो तो सांगतो. पॉलिसी काढताना ही माणसं कुठे असतात?

आणि खरी बोच पुढेच. चार वर्षं एकही क्लेम केला नाही म्हणून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर ४५ टक्के सूट होती, ती आता शून्य. चार वर्षं मुकाट हप्ते भरले, तेव्हा कोणी करवंटी मागितली नव्हती.

गाडी तिथेच लावतो, दुसरी जागा नाही. वर अजून अकरा आहेत. मोजलेत.