आपली बॅटिंग कधी?

आज गणपतीची आरती झाली, मोदक तोंडात घातला आणि शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ मला म्हणाले, "ओव्हरटाइमचा नियम तुम्हा बिल्सवाल्यांच्या रडण्यामुळेच बदलला. डिफेन्स करायचा होता ना!" बिल्स म्हणजे आमच्या बफेलोची अमेरिकन फुटबॉलची टीम, आणि ओव्हरटाइम म्हणजे बरोबरी झाल्यावरचा जादा खेळ. बाप्पासमोर तमाशा नको म्हणून हसले फक्त. आता घरी आलेय, लेक झोपलीय, आता ऐका.

२३ जानेवारी २०२२. लेक सहा आठवड्यांची होती. बाळंतपणासाठी आई-बाबा नाशिकहून बफेलोला आलेले. आईला अळिवाचे लाडू, बाळाची मालिश, दिवसभर काम. बाबांना काय? बाहेर बर्फ, पेपर नाही, कट्टा नाही. मग ते जावयाबरोबर फुटबॉल बघायला लागले. महिनाभरात चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, आणि त्यांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हे डोक्यात बसलं. "म्हणजे रनरेट अडीच ठेवायचा," असं मलाच समजावून सांगायचे.

त्या रात्री प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, मॅच कॅन्सस सिटीत तिथल्या चीफ्सशी होती. बाळ बाबांच्या मांडीवर झोपलेलं, त्यामुळे ओरडायची बंदी. शेवटची तेरा सेकंदं उरली आणि आम्ही ३६-३३ ने पुढे. नवऱ्यानं आनंदानं उशी चावली, खरंच चावली, अभ्र्यावर दातांचे व्रण होते. मग आमची किक थेट मैदानाच्या टोकाला, एंड झोनमध्ये गेली, घड्याळातला एक सेकंदही सरला नाही. चीफ्सचे दोन पास, ४४ यार्ड, वर ४९ यार्डांवरून किक मारून तीन गुणांचा फील्ड गोल. बरोबरी. ओव्हरटाइमचा टॉस. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, जॉश अ‍ॅलन टेल्स म्हणाला, हेड्स पडलं. चीफ्सनी चेंडू घेतला, टचडाउन केलं, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये नेला, ४२-३६, खेळ खल्लास. त्या रात्री चार टचडाउन पास टाकलेल्या आमच्या क्वार्टरबॅकला ओव्हरटाइममध्ये चेंडूला हातसुद्धा लावायला मिळाला नाही.

जाहिराती लागल्या. बाबा टीव्हीकडे बघतच होते. मग बाळ उठू नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आता आपली बॅटिंग कधी?"

कुणी काही बोललंच नाही.

मी सांगितलं, बाबा, नियमच तसा आहे. टॉस जिंकणाऱ्यानं पहिल्याच फेरीत टचडाउन केलं की संपलं. फील्ड गोलच केला, तर दुसऱ्याला संधी. बाबा भडकले. "अगं, २०१९ च्या वर्ल्ड कपला न्यूझीलंडला चौकार मोजून हरवलं, पण सुपर ओव्हरमध्ये बॅटिंग तरी दिली की नाही? हे म्हणजे टॉस हरलात, पॅड काढा, घरी जा!"

हेच होतं आमचं 'रडणं'. नाशिकच्या एका निवृत्त माणसाला महिनाभरात जे दिसलं, ते दिसायला लीगला किती वर्षं लागली! मार्चमध्ये टीमच्या मालकांनी २९-३ मतांनी नियम बदलला, दोघांनाही चेंडू मिळायचा, तोही फक्त प्लेऑफपुरता. साध्या सामन्यांना लागू व्हायला २०२५ उजाडलं.

आणि रडण्याचं म्हणाल, तर त्या गृहस्थांना सांगा कुणीतरी, की आधी रडले ते चीफ्सच. जानेवारी २०१९ मध्ये पॅट्रियट्सनी त्यांना असंच ३७-३१ ने हरवलं, त्यांच्या क्वार्टरबॅकला, महोम्सला, ओव्हरटाइममध्ये चेंडू मिळाला नाही. मग क्लबनं स्वतः नियम बदलायचा प्रस्ताव पाठवला. तो बारगळला.

आता खरं सांगते, कारण इथे सगळे घरचेच आहात. तेव्हा ऑफिसात चीफ्सचा एक चाहता तावातावानं बोलत होता आणि मी त्याला म्हणाले होते, "डिफेन्स करायचा होता ना!" शब्द न् शब्द तेच. आज मोदक घशात अडकला तो त्यामुळे.

बरं, तेरा सेकंदांत ४४ यार्ड देणारा डिफेन्स आमचाच होता. मान्य. पुढे.

पण फॅन लोकांचं हे असंच असतं हो. फिलाडेल्फिया ईगल्सच्या टश पुशचंच बघा. क्वार्टरबॅकला मागून ढकलत एक यार्ड काढायचा, बाकीच्यांना थांबवता येत नाही, म्हणून बंदी आणा. प्रस्ताव ग्रीन बेच्या टीमचा, मतं २२-१०, लागणार होती २४. ईगल्सवाल्यांनी दिवाळी केली. मला विचाराल, तर मला त्यात काहीच गैर वाटत नाही. आमचा अ‍ॅलनही तसाच घुसतो म्हणून वाटत नसेल. आमचे तेव्हाचे कोच मात्र बंदीच्या बाजूचे होते, ते सुरक्षेचं बोलायचे. असतील बरोबर.

नवा किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करायची किक, मात्र मला अजिबात आवडत नाही. दोन्ही टीम समोरासमोर पुतळ्यासारख्या उभ्या, चेंडू पडेपर्यंत किंवा कुणी धरेपर्यंत हलायचं नाही. पूर्वी पूर्ण वेगानं धावत येऊन धडकायचे आणि डोकी फुटायची, म्हणून केलंय, हे कळतं. तरी नाही आवडत.

असो. त्या नव्या प्लेऑफ ओव्हरटाइमची पहिली मॅच थेट २०२४ चा सुपर बोल, म्हणजे फायनलच, आणि जिंकलं कोण? चीफ्स! हरलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी नंतर सांगितलं, की नियम बदललाय हेच आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या अश्रूंवर झालेला नियम, आणि तो वाचायचे कष्टसुद्धा नाही घेतले! आज त्या गृहस्थांचा आला, त्यापेक्षा जास्त राग मला तेव्हा त्या खेळाडूंचा आला होता.

आत्ताच नाशिकला फोन लावला, तिकडे सकाळ. बाबांना सांगितलं, आता प्रत्येक मॅचला दोघांनाही चेंडू. चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"ओव्हरटाइम किती मिनिटांचा?"

"साध्या मॅचला दहा."

"आणि पहिल्यानंच दहा मिनिटं चेंडू दाबून ठेवला तर?"

मी म्हटलं, बाबा, तुमचा चहा गार होतोय.