उन्हाळ्याआधी ‘पोट धुऊन काढा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गुढीपाडवा जवळ आला की आमच्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. आतड्याला वर्षानुवर्षांचा पाच किलो मळ चिकटलेला असतो, त्याचं विष रक्तात भिनतं, त्यातूनच डोकेदुखी, सांधेदुखी आणि वांग येतात. म्हणून सलग सात रात्री चूर्ण किंवा एरंडेल घ्या, लेकरांनाही द्या. चूर्ण वनस्पतीचं, त्याला साइड इफेक्ट नाही. मेडिकलमधली जुलाबाची गोळी मात्र नको, तिनं आतडं पांगळं होतं. शिवाय वजनही उतरतं. मी यवतमाळ जिल्ह्यात मेडिकल चालवतो. हा मेसेज वाचून लोक माझ्याच काउंटरवर येतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

पाच किलो मळाचं आधी. आतड्याचं आतलं अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत नवं होत असतं. वर्षानुवर्षं काही चिकटून राहील अशी जुनी भिंत तिथं नसतेच, आणि दुर्बिणीतून आतडं पाहणाऱ्या डॉक्टरांनाही असा थर दिसत नाही. बद्धकोष्ठात मळ साठून खडा होतो, हे खरं. तो इलाज करावा असा त्रास आहे, पण निरोगी माणसाच्या पोटात तो दडलेला नसतो.

विष भिनण्याची कल्पना शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही पटलेली होती. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन तर त्यापायी रोग्यांचं मोठं आतडं कापून काढत. मग १९२२ साली अमेरिकेत डोनाल्डसन यांनी धडधाकट माणसांच्या गुदाशयात कापसाचे बोळे भरून पाहिलं. डोकं जड होणं, सुस्ती, बेचैनी, सगळं बद्धकोष्ठात होतं तसंच झालं, आणि बोळे काढल्यावर लवकरच निवळलं. कापसात विष कुठून येणार? तो जडपणा आतड्यावर आलेल्या ताणाचा होता.

रोज सकाळी एकदा संडास झालीच पाहिजे, हाही गैरसमजच. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा सगळा पल्ला नॉर्मल धरला जातो. जोर लावावा लागत नसेल, खडा होत नसेल, तर एखादा दिवस चुकल्यानं काही बिघडत नाही.

आता चूर्ण. माझा खरा राग इथं आहे. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक डब्यांवर सोनामुखी सापडेल. तिच्यातलं सेनोसाइड मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात, त्यातून निघणारा पदार्थ आतड्याला जोरानं आकसायला लावतो आणि सहा ते बारा तासांनी जुलाब होतो. मेडिकलमधल्या कित्येक गोळ्यांत हेच सेनोसाइड असतं. मग चूर्ण निर्धोक आणि गोळी घातक, हे कसं? काही चूर्णांत काळं मीठ किंवा सैंधवही असतं, आणि ते घेणाऱ्यांत बीपीचे पेशंट कमी नसतात.

त्यात मुहूर्त उन्हाळ्याचा. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या वर जातो. घामानं आधीच पाणी आणि मीठ जात असतं, वरून जुलाबानं पोटॅशियमही जातं. मागे एक आजी सुनेचा हात धरून आल्या, गोळे येतात म्हणून मलम मागायला. ओठ कोरडे, हाताची बोटं आत वळलेली. पिशवीत लघवी वाढवणारी बीपीची गोळी होती आणि आठवडाभर रात्री चूर्ण चालू होतं. मी मलम दिलं नाही, तसंच ऑटोत बसवून दवाखान्यात पाठवलं. ती गोळी आणि जुलाब, दोन्ही पोटॅशियम उतरवतात. ते फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

वजन उतरतं ते पाण्याचं. अन्न शोषलं जातं लहान आतड्यात, आणि सोनामुखी काम करते मुख्यतः मोठ्या आतड्यात. १९८३ च्या एका अमेरिकी अभ्यासात जुलाबाच्या औषधाच्या मोठ्या डोसनं चार ते सहा लिटर पातळ जुलाब झाले, तरी शरीरात जाणारे उष्मांक जेमतेम १२ टक्क्यांनी कमी झाले.

गोळीनं आतडं पांगळं होतं, ही भीती मला जास्त सलते, कारण ज्यांना खरंच गरज आहे तेही मग औषध घेत नाहीत. २००५ च्या एका मोठ्या आढाव्यात, सांगितलेल्या मात्रेत रेचकांनी आतडं निकामी होतं याला आधार सापडला नाही. सोनामुखी फार दिवस घेतल्यावर आतड्याचं अस्तर तपकिरी दिसतं, पण तो डाग निरुपद्रवी असतो आणि औषध बंद केल्यावर काही महिन्यांत जातो. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये मिळून दिलेल्या मार्गदर्शनात पॉलिइथिलीन ग्लायकॉल ठामपणे सुचवलं आहे. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते. बिसाकोडिल हे जुलाबाचं औषधही सुचवलं आहे, पण रोज घ्यायचं तर चार आठवड्यांपर्यंतच किंवा अडल्यावेळी. त्यापुढे डॉक्टरांना विचारूनच.

इसबगोल घेतलात तर पेलाभर पाण्यासोबतच घ्या. कोरडं गिळलं तर घशात फुगून अडकतं. आणि पाण्याचं म्हणाल तर निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बाया वावरात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळतात, त्यानं खडा होतो. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनीही खडा होतो, मग गरोदर बाई गोळ्याच सोडून देते. तिनं गोळ्या सोडू नयेत, नर्सताईंना सांगावं. इसबगोल, लॅक्टुलोज यांसारखे उपाय गरोदरपणात चालतात. एरंडेल मात्र नाही, त्यानं गर्भाशयात कळा येऊ शकतात.

लेकरांबद्दल एवढंच. पोट दुखतंय, ओकारी होतेय, ताप आहे, बेंबीजवळची कळ उजवीकडे खाली सरकतेय, अशा वेळी एरंडेल, चूर्ण काहीही पाजू नका. अपेंडिक्स सुजलेलं असेल तर जुलाबाच्या जोरानं ते फुटू शकतं. थेट दवाखाना गाठा, रात्र असली तरी.