श्नॅप्सची बाटली, गादी आणि गाइड : कुमासीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि चिडून लिहिलेली आहे, दोन्हीला हरकत नाही. घानातलं कुमासी आणि आसपासची असान्ते (तिथला एक मोठा समाज, त्यांच्या राजाची गादी कुमासीत) गावं यांच्या सहलीवरच्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप थोडक्यात असे : पैसे मोजून माणसं बघायला जाणं म्हणजे प्राणिसंग्रहालय, गावच्या प्रमुखाला दारूची बाटली देणं ही लाच, लोकशाही देशातले हे राजे म्हणजे पर्यटकांसाठी नटवून बसवलेली बाहुली, आणि कमिशन काढणाऱ्या गाइडवर खर्च कशाला, आपलं आपण फिरावं. बाहुलीच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो गळला की बाकीचे बरेच सैल पडतात.

घानाच्या १९९२च्या राज्यघटनेत पारंपरिक प्रमुखांवर अख्खं प्रकरण आहे. कलम २७० ही संस्था अबाधित ठेवतं. कलम २७६ प्रमुखाला सक्रिय पक्षीय राजकारणात पडू देत नाही. संसदेची निवडणूक लढवायची तर आधी गादी सोडावी लागते. प्रमुखांची राष्ट्रीय परिषद कुमासीतच बसते. आणि खरी मेख जमिनीत आहे. देशातली सुमारे ८० टक्के जमीन परंपरागत मालकीची, म्हणजे गादीची किंवा कुळांची. गादीच्या जमिनीच्या उत्पन्नातले १० टक्के कारभारापोटी सरकारी कार्यालय ठेवतं, आणि उरलेल्याचे २५ टक्के गादीला, २० टक्के पारंपरिक परिषदेला आणि ५५ टक्के जिल्हा सभेला जातात. हे कलम २६७ मध्ये आकड्यांसकट लिहिलेलं आहे. तेव्हा अंगावर केंटे (विणलेल्या पट्ट्या जोडून केलेलं वस्त्र) घेऊन बसलेल्या त्या माणसासमोर भाऊबंदकीची, हद्दीची, वारसाची प्रकरणं येत असतात. पर्यटक हा त्याच्या दिवसातला व्यत्यय आहे.

गादीवर बसवलेल्याला उतरवताही येतं. वारसा आईकडून चालतो, बापाकडून मुलाकडे नाही. नाव सुचवते ती ओहेमा, म्हणजे राजमाता (ती राजाची आईच असते असं नाही, बहीण, मावशीही असू शकते), आणि ते मान्य करायचं की नाही हे गादीचे मानकरी ठरवतात. गावचा ओडिक्रो, त्यावर मोठ्या इलाख्याचा ओमानहेने आणि सगळ्यांच्या वर कुमासीचा असान्तेहेने, अशी उतरंड. सध्याचे ओसेई टुटू दुसरे १९९९ पासून गादीवर आहेत. २०२४ साली ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने असान्ते दरबारच्या ३२ वस्तू असान्तेहेनेंच्या कुमासीतल्या मानहिया राजवाड्याच्या संग्रहालयाला तीन वर्षांच्या उसनवारीवर दिल्या. त्यातल्या बऱ्याच १८७४ साली इंग्रज फौजेने कुमासीतून लुटून नेलेल्या. करार झाला तो घाना सरकारशी नव्हे, असान्तेहेनेंशी. बाहुल्यांशी कोणी असे करार करत नाही.

आता बाटली. तुमचा सगळ्यात जास्त राग हिच्यावर आहे, म्हणून जरा तपशिलात.

गावच्या प्रमुखाकडे गेलात की आधी बसवतात आणि पाणी देतात. बसण्याआधी उजवीकडून डावीकडे ओळीने सगळ्यांशी हस्तांदोलन करत जायचं, उजव्या हाताने. डावा हात पुढे करणं हा अपमान. प्रसाद डाव्या हातात न घेणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. प्रमुखाने स्वतः हात पुढे केला तरच त्याच्याशी हस्तांदोलन. टोपी आणि गॉगल काढलेला, हात खिशाबाहेर, पायावर पाय नाही. पाणी पिऊन झालं की येण्याचं कारण विचारलं जातं. कारण माहीत असलं तरी विचारतात. हा रिवाजाचा भाग आहे. उत्तर प्रमुखाला द्यायचं नाही, त्याच्या ओक्येआमेला द्यायचं. हा प्रमुखाचा प्रवक्ता. प्रमुख अगदी समोर बसलेला असला आणि त्याला उत्तम इंग्रजी येत असलं तरीही बोलणं त्याच्या मार्फत जातं आणि त्याच्याच मार्फत येतं. मोठ्या दरबारात त्याच्या हातातल्या लाकडी काठीच्या टोकावर सोन्याचा पत्रा चढवलेली आकृती असते आणि प्रत्येक आकृतीमागे एक म्हण. मुठीत अंडं धरलेला हात दिसला तर अर्थ असा : सत्ता घट्ट आवळली तर फुटते, सैल धरली तर पडते.

बाटली याच ओक्येआमेच्या हाती जाते. ती श्नॅप्सची (एक कडक दारू) असते, खोक्यासकट आणि सील न फोडलेली. छोट्या गावात एक-दोन बाटल्या आणि पाकिटात थोडी रक्कम पुरते. मोठ्या गादीला किती, ते आधी निरोप पाठवून विचारतात. ओक्येआमे बाटली उघडून थोडी थोडी जमिनीवर ओततो, देवाचं, ‘असासे या’ नावाच्या भूदेवीचं आणि पूर्वजांचं नाव घेतो, आणि बसलेले लोक प्रत्येक वाक्याला हुंकार देतात. उरलेली जमलेल्यांत फिरते. तुम्ही पीत नसाल तर ओक्येआमेला आधी सांगून ठेवा. ग्लास उजव्या हाताने घ्यायचा, ओठांना लावायचा किंवा चार थेंब जमिनीवर सांडायचे. ‘मी दारूला शिवत नाही’ म्हणून भर बैठकीत हात मागे घेणं तेवढं टाळावं. पूर्वजांना कळवल्याशिवाय पाहुणा आत घ्यायचा नाही, एवढंच यामागे आहे. लाच लपवून देतात. ही सगळ्यांसमोर, नाव सांगून दिली जाते.

मात्र तुमच्या म्हणण्याला एक बाजू आहे, आणि ती घानातले लोकच जास्त कडवटपणे मांडतात. जमीन देताना प्रमुखाला द्यायची ‘बाटली’ ही आता नावापुरती बाटली उरली आहे. प्रत्यक्षात ती मोठी रक्कम असते, आणि तिचा हिशेब गावाला मिळतोच असं नाही. एकच प्लॉट दोघांना दिल्याच्या तक्रारी कोर्टात पडून असतात. बेकायदा सोन्याच्या खाणींकडे काही प्रमुखांनी डोळेझाक केल्याचे आरोपही आहेत. पर्यटकाच्या एका श्नॅप्सला या पंगतीत बसवू नका, एवढीच विनंती.

प्राणिसंग्रहालयाच्या आक्षेपात निम्मं तथ्य आहे, आणि ते ओळखता येतं. बस थांबली की नाच सुरू, ठरलेल्या वेळी, रोज; प्रमुख आठवड्याचे सातही दिवस हजर; पोरांना ओळीत उभं करून गाणं; वर ‘तुम्हाला आमच्या गावाचा मानद प्रमुख करतो, एवढे डॉलर’. या मानद पदाचं नाव न्कोसुओहेने. विकासाला हातभार लावणाऱ्याचा मान म्हणून असान्त्यात ते १९८०च्या दशकात आणलं गेलं, आणि शाळा-दवाखाना उभारणाऱ्याला दिलं तर त्यात काही वावगं नाही. ते टूरच्या दरपत्रकात छापलेलं दिसलं की तो टूर सोडा. वाराप्रमाणे नाव ठेवण्याचा कार्यक्रम, शुक्रवारचा कोफी, शनिवारची आमा वगैरे, निरुपद्रवी आहे. आपला जन्मवार तेवढा घरून बघून जा.

चांगल्या सहलीची खूण वेळापत्रकात सापडते. असान्ते पंचांगात सहा दिवसांचा आणि सात दिवसांचा असे दोन आठवडे एकत्र चालतात, म्हणून ४२ दिवसांचं चक्र होतं. त्यातला अक्वासिडाए हा पूर्वजांच्या पूजेचा दिवस नेहमी रविवारी येतो आणि त्यानंतर २४ दिवसांनी बुधवारी आवुकुडाए. अक्वासिडाएला सकाळी आसनांच्या खोलीत पूर्वजांच्या काळ्या केलेल्या आसनांना नैवेद्य दाखवतात, तिथे बाहेरच्यांना मज्जाव. नंतर मानहियाच्या पटांगणात दरबार भरतो. तिथेही त्याला दरबारच म्हणतात. प्रचंड छत्र्या, फोंतोम्फ्रोम नगारे, हस्तिदंती शिंगं, तलवारवाले, आणि मानाच्या क्रमाने पुढे येऊन पायातली चप्पल काढणारे, खांद्यावरचं वस्त्र उतरवणारे प्रमुख. असान्ते गादीचं प्रतीक असलेलं जगप्रसिद्ध सुवर्णासन मात्र दिसेल या आशेवर जाऊ नका, ते फार क्वचित बाहेर निघतं आणि त्यावर कोणीच बसत नाही. १९०० साली इंग्रज गव्हर्नर हॉजसनने त्यावर बसायचं म्हणून ते मागितलं आणि कुमासीजवळच्या एजिसूच्या राजमाता ‘या असान्तेवा’ युद्धाला उभ्या राहिल्या. जो गाइड ‘दरबार कोणत्याही रविवारी दाखवतो’ म्हणतो, त्याला मागच्या अक्वासिडाएची तारीख विचारा आणि ४२ मिळवा. तारीख जुळली तरी राजा परगावी असेल किंवा राजघराण्यात सुतक असेल तर दरबार नसतो, म्हणून आदल्या आठवड्यात पुन्हा विचारायचं. शेत बघायचं असेल तर गुरुवार टाळा. तो भूमीचा वार, त्या दिवशी नांगरट-खोदाई करत नाहीत.

गाइडकडून मला आणखी एक अपेक्षा असते. किनाऱ्यावरच्या केप कोस्टच्या किल्ल्यात गोऱ्यांची गुलामगिरी आणि कुमासीत फक्त सोनं नि शौर्य, अशी वाटणी पुष्कळ गाइड करतात. किल्ल्यात पोचणाऱ्या कैद्यांपैकी कितीतरी असान्तेंच्या लढायांतूनच आलेले होते. हे जो स्वतःहून सांगतो तो बरा गाइड.

त्याचं दुसरं काम नाही म्हणण्याचं. आसनांच्या खोलीचा फोटो नाही. प्रमुख आणि त्याच्यासमोर उभा असलेला माणूस यांच्या मधून चालायचं नाही. काही देवस्थानांत आणि आसनांच्या खोलीपाशी मासिक पाळीतल्या बाईला जाऊ देत नाहीत. हा नियम पटो न पटो, दारात उभं राहून कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. शनिवारी लाल-काळ्या कपड्यांतली गर्दी दिसली तर ती अंत्यविधीची, आणि रंग जुळत नसतील तर आपण लांब थांबायचं.

गाइडचं कमिशन हा तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि ते बहुतेक बोन्विरे या केंटे विणकरांच्या गावात निघतं. तिथला केंटे पट्ट्यांनी विणतात. पट्टी साधारण चार इंच रुंद. विणकर पायाच्या बोटांत दोऱ्या धरून मागाच्या वह्या (ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलणाऱ्या चौकटी) खालीवर करतो आणि समोर काही मीटर ताणलेला ताणा दगड ठेवलेल्या फळीने खेचून धरलेला असतो. पुरुषाच्या वस्त्राला अशा सुमारे २४ पट्ट्या कडेला कड शिवून जोडतात. म्हणून वस्त्र हातात आलं की उलटं करा. नक्षी मागच्या बाजूलाही तितकीच भरलेली आणि दर चार इंचावर शिवण लागली तर विणलेलं. मागची बाजू फिकी आणि शिवण कुठेच नाही, तर तो छापील कपडा, नाव काहीही सांगोत. अख्खं वस्त्र परवडत नसेल तर एक-दोन पट्ट्या थेट विणकराकडून घ्या, दुकानातून नको. कमिशनचा प्रश्न तिथेच मिटतो. अदिंक्रा (ठशांनी कापडावर उमटवायची नक्षी) छापायला न्टोन्सो गावाला जाणार असाल तर जुने सुती कपडे घाला. साल उकळून केलेल्या काळ्या रंगाचे डाग निघत नाहीत.

आपलं आपण फिरायचंच असेल तर जरूर फिरा. मानहिया संग्रहालय, मॅम्पाँग रस्त्यावरचं लाकडी कोरीवकामाचं गाव अहविया आणि पुढे न्टोन्सो, एजिसूजवळचं बेसेआसेचं देवस्थान (१९८० पासून जागतिक वारसा यादीतल्या असान्ते वास्तूंपैकी एक) यांना ओळखीची गरज नाही, टॅक्सी पुरते. फक्त प्रमुखाच्या भेटीसाठी गावातलाच माणूस धरा आणि निदान दोन-तीन दिवस आधी निरोप पाठवा. आणि लशीची यादी तुम्ही ‘घाबरवण्याचा धंदा’ म्हणून उडवून लावलीत ती तेवढी परत वाचा : पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र घानात उतरताना तर बघतातच, पण परत मुंबईत उतरतानाही मागतात. ते नसलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.